गुराब म्हणजे कावळा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर रेंज गेली आणि जे सांगायला फोन केला होता तेच राहिलं, म्हणून आता बसून लिहितोच. गेला महिनाभर रात्री जेवणं आटोपली की मी सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दर्यावर्दी लोकांची वर्णनं वाचतोय आणि त्यातल्या जहाजांच्या नावांनी मला पार वेड लावलंय, किती पक्षी रे, स्वॉन, स्वॅलो, फाल्कन, पेलिकन! डच लोकांचं डाऊफकेन, म्हणजे छोटंसं कबुतर, ते तर १६०६ साली थेट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला जाऊन लागलं.

इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक १५७७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तो पेलिकनमधून. त्या काळी तिकडे समजूत होती की पेलिकन स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजते, राणी एलिझाबेथच्या एका चित्रात तिच्या छातीवर पेलिकनचाच दागिना आहे, म्हणजे नाव किती मनापासून ठेवलेलं बघ. आणि अख्खा अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मॅगेलनच्या सामुद्रधुनीपाशी पोचल्यावर १५७८ मध्ये ह्यानं ते बदलून गोल्डन हाइंड केलं, सोनेरी हरिणी, का तर मोहिमेला पाठबळ देणाऱ्या हॅटनच्या कुलचिन्हात हरिणी होती. आज जगाला हरिणीच माहितीये. मला त्या पेलिकनचं खरंच वाईट वाटलं.

त्याआधीची, १५७२ ची गोष्ट तर अजून डोक्यातून जात नाहीये. ड्रेककडे तेव्हा दोन जहाजं होती, त्यातलं लहान ते स्वॉन, राजहंस, आणि त्याचा कप्तान ड्रेकचा सख्खा भाऊ जॉन. छाप्यांसाठी छोट्या होड्या हव्या होत्या पण त्यांच्यावर घालायला माणसं पुरेनात, मग स्वॉन बुडवून त्यावरची माणसं मोकळी करायची म्हणून ह्यानं त्या जहाजावरच्या सुताराला गुपचूप सांगितलं की रात्री तळाशी तीन भोकं पाड. सकाळी मासे धरायला चल म्हणून भावाला बोलवायला गेला आणि सहज विचारावं तसं विचारलं, तुझं जहाज एवढं खोल का बसलंय रे? बिचारे दिवसभर पाणी उपसत राहिले, भावाला शेवटपर्यंत पत्ता नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. जहाजाला भोक पाडणारा माणूस मोठा दर्यावर्दी असेलही, पण मला त्याचा रागच आला.

आता मेन गोष्ट. आपण लहानपणापासून म्हणत आलोय ना, कान्होजी आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं? अरे, गुराब हा शब्द अरबी घुराबवरून आलाय आणि घुराब म्हणजे कावळा! म्हणजे इंग्रज एकेका जहाजाला पक्ष्याचं नाव देत होते, आणि आपल्याकडे लढाऊ जहाजांच्या अख्ख्या जातीचंच नाव कावळा. दोन डोलकाठ्यांची, मोठी असली तर तीन, पाण्यात फार खोल न बसणारी आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, सुळक्यासारखी लांब बाहेर आलेली, त्यावर तोफा. मला तर ती नाळ आता चोचच दिसते, दुसरं काही दिसतच नाही. पितृपक्षात आपण गच्चीवर पान ठेवून काव काव करत वाट बघायचो तोच हा पक्षी, आणि इतकी वर्षं शब्द तोंडात असून आत बसलेला कावळा आपल्याला दिसला नाही.

डिसेंबरात येशील तेव्हा विजयदुर्गाला जाऊच, पण या वेळी नुसता किल्ला बघून परत नाही फिरायचं. गिर्ये गावाजवळ खाडीला आंग्र्यांची जुनी गोदी आहे, तिथे ओहोटीच्या वेळेला पोचू. हे कावळे तिथेच दुरुस्तीला येऊन बसायचे.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझाच