नाटकाला विंगेतली माणसे हवीत

रसिकहो, सप्रेम नमस्कार.

आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, नटांना तोटा नाही. उत्सवाच्या नाटकाची पहिली बैठक बसली की भूमिका मागायला दोन-चार जण जास्तच येतात, आणि हे आमच्या गावांचे भाग्य आहे. अडते ते पुढे. दिवे कोण सांभाळणार, अडलेल्या नटाला विंगेतून वाक्य सुचवायला, म्हणजे प्रॉम्प्टिंगला, कोण बसणार, प्रयोग संपल्यावर पहाटे नेपथ्य उतरवून टेंपोत कोण भरणार, असे विचारले की बैठकीत कुणी बोलत नाही. आजवर ही कामे ज्यांनी बिनबोभाट केली ती माणसे आता साठीपुढे गेली आहेत. शिडी चढायला गुडघे साथ देत नाहीत. त्यांची मुले वेर्ण्याच्या कारखान्यांत शिफ्टवर असतात, नाहीतर परदेशात. म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीने ठरवले आहे की यंदा रंगमंचामागचे एक शिकलेले, कायमचे पथक उभे करायचे. त्यासाठी आम्हाला माणसे हवीत, साहित्य हवे आणि पैसेही हवेत. माणसे सर्वांत आधी.

नाटक कंपन्यांच्या काळात ही अडचण नव्हती. आपल्या मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी सहकाऱ्यांसह १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली. तशा कंपन्यांच्या बिऱ्हाडात पडदे ओढणारी, कपडेपट सांभाळणारी, रंगपटात बसणारी माणसे नटांइतकीच हक्काची असत. कंपन्या गेल्या आणि नाटक हौशी मंडळांच्या हाती आले, तेव्हा ही सगळी कामे शेजारपाजाऱ्यांनी उचलली. गावचा सुतार नेपथ्य करी, वायरमन दिवे लावी, शिंपी अंगरखे शिवून देई. पैसे कुणी घेतले नाहीत. गोव्यातले मराठी नाटक देवळांच्या सभामंडपांत आणि पटांगणांत टिकून राहिले त्यात या माणसांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांच्याकडचे शिकून घ्यायला अजून वेळ आहे.

काम काय असते, ते थोडे सांगतो, म्हणजे आपल्याला काय जमेल याचा अंदाज येईल.

पहिला माणूस रंगमंच व्यवस्थापक. पहिल्या वाचनापासून तो तालमीला हजर असतो. तालमीच्या खोलीत जमिनीवर टेप चिकटवून दार कुठे, खिडकी कुठे, पायरी कुठे हे तो आखून घेतो, म्हणजे नट पहिल्या दिवसापासून खऱ्या अंतरात वावरतात. त्याच्याकडे संहितेची एक वेगळी प्रत असते. प्रत्येक पानासमोर कोरे पान जोडलेले. त्यावर कोण कुठून येतो, कुठल्या शब्दावर दिवा बदलतो, कुठल्या शब्दावर घंटा वाजते, हे सारे पेन्सिलीने लिहिलेले. पेन्सिलीने अशासाठी की तालमीत ते दहा वेळा बदलते. प्रयोगाच्या दिवशी पहिली घंटा झाली की दिग्दर्शकाचे काम संपते आणि नाटक याच्या हाती येते. तो ‘तयार’ म्हणतो तेव्हा दिव्यांवरचा हात बटणावर जातो, आणि ‘गो’ म्हटल्याशिवाय काहीच हलत नाही. हे काम स्वभावाने शांत माणसाचे आहे. आवाज चढवणारा माणूस विंगेत नको. आमच्या मते या कामाला मुली आणि गृहिणी फार चांगल्या. घरचा चार माणसांचा सोहळा ज्या निभावतात त्यांना एकाच वेळी सहा गोष्टींवर लक्ष ठेवणे नवे नसते.

दिव्यांविषयी थोडे जास्त लिहितो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. पणजीच्या कला अकादमीत, फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात किंवा मडगाव, साखळी, कुडचडे इथल्या रवींद्र भवनांत नाटक असेल तर तिथे विजेची पक्की सोय असते आणि तंत्रज्ञही असतात. आपले बहुतेक प्रयोग मात्र कार्तिकापासून पुढे, जत्रा-उत्सवांच्या दिवसांत, मोकळ्या पटांगणात होतात. तिथे वीज ओढून आणावी लागते, जमीन दवाने ओली असते आणि वायरींवरून मुले पळत असतात. हजार वॅटचा एक हॅलोजन दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर वीज ओढतो. म्हणजे १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर असे तीनच दिवे द्यायचे. ‘एकच तर आहे’ म्हणून चौथा जोडला की तारा तापू लागतात, आणि तापलेली वायर बहुधा पडद्याच्या मागेच असते. म्हणून पथकातल्या प्रत्येकाला हा हिशेब तोंडपाठ असावा, अशी आमची अट राहील. वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला हुकाखेरीज लोखंडी साखळी हवीच. हॅलोजनच्या काचेला उघडी बोटे लावायची नाहीत, बोटाचे तेल लागले की ती जागा तापून दिवा फुटतो. पडदा आणि दिवा यांत भरपूर अंतर ठेवायचे. आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवल्याशिवाय यापुढे मंडळ मोकळ्या जागेत एकही दिवा पेटवणार नाही, असा ठराव आम्ही केला आहे. तालुक्यातल्या परवानाधारक वायरमन बंधूंना आमची खास विनंती आहे: तुम्ही दिवे लावायला नाही आलात तरी चालेल, पण प्रयोगाआधी तासभर येऊन जोडणी तपासून द्या आणि आमच्या पोरांना दोन गोष्टी शिकवा.

प्रॉपर्टी सांभाळणे हे बारकाईचे काम. विंगेत एक टेबल असते, त्यावर पांढरा कागद पसरलेला. समई, चष्मा, तलवार, पानाचा डबा, प्रत्येक वस्तू कागदावर ठेवून तिच्याभोवती रेघ ओढतात आणि आत नाव लिहितात. वस्तू रंगमंचावर गेली की तिची आकृती रिकामी दिसते. अंक संपल्यावर एखादी आकृती रिकामीच राहिली तर काय परत आले नाही ते लांबूनही कळते. दुसऱ्या अंकात फाडायचे पत्र असेल तर ते दर प्रयोगाला नवे लिहावे लागते, तेही मजकुरासह, कारण नट ते खरोखर वाचतो. अंधारात नेपथ्य बदलणाऱ्यांचेही असेच. ब्लॅकआउट होतो तेव्हा प्रेक्षकांना काही दिसत नाही आणि यांनाही दिसत नाही. जमिनीवर चिकटवलेले चमकत्या टेपचे नखाएवढे तुकडे बघून चौघे जण पलंग उचलतात आणि खुर्च्या ठेवतात. कुणी काय उचलायचे, कुणी कुठल्या विंगेतून जायचे हे ठरलेले असते, आणि त्याचीही तालीम होते. काळे कपडे, रबरी तळव्यांचे बूट. बांगड्या आणि खिशातली नाणी काढून ठेवायची.

कपड्यांना शिवणकाम येणारे हात हवेत. दोन प्रवेशांच्या मधल्या मिनिटात साडी बदलायची तर नऊवारी शिवून घ्यावी लागते, अंगरख्याची बटणे काढून वेल्क्रो लावावा लागतो. रंगभूषेला आमच्याकडे दोन जाणकार आहेत. त्यांना फक्त हाताखाली कुणी तरी हवे. संगीत नाटक असेल तर ऑर्गन आणि तबल्याचा माईक, गाणाऱ्या नटाचा माईक आणि विंगेतला स्पीकर यांचा मेळ घालणारा माणूस लागतो. नटाला स्वतःला ऑर्गन ऐकू आला नाही तर तो कितीही तयारीचा असो, सूर सुटतो.

आणि प्रॉम्प्टर. उत्सवी नाटकाला तालमी कमी मिळतात, म्हणून त्याच्यावर भिस्त मोठी. निवृत्त शिक्षकांनी हे काम मनावर घ्यावे. नटाने घेतलेला विराम कुठला आणि विसरल्यामुळे पडलेला कुठला, हे ओळखण्याची समज वयाने येते.

पावसाळ्यात चार रविवारी दुपारी हे सगळे हाताने करून शिकवायचे ठरले आहे. शुल्क नाही. अठरा वर्षांवरील कुणीही या. शिडीवरचे आणि विजेचे काम मात्र शिकून झाल्याशिवाय कुणालाही दिले जाणार नाही. नाटकाच्या जाहिरातीत आणि निवेदनात पथकातल्या प्रत्येकाचे नाव नटांच्या बरोबरीने घेतले जाईल. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा यांना स्वतंत्र बक्षिसे असतात. मंडळाला ती कधी मिळाली तर ज्याचे त्याच्या हाती जातील.

ज्यांना वेळ देणे शक्य नाही त्यांनी साहित्य द्यावे. सगळ्यांत मोठी गरज कोरड्या जागेची आहे. आपल्या पावसात प्लायवूड फुगते, नेपथ्याच्या कापडी चौकटींना, म्हणजे फ्लॅटना, बुरशी धरते आणि जमिनीला टेकलेल्या लाकडाला चवथीपर्यंत वाळवी लागते. एखादे रिकामे गॅरेज किंवा कोठार जूनपासून चार महिने मिळाले तर आम्ही आत जमिनीपासून हातभर उंचीवर फळ्या मारून सामान रचून ठेवू, आणि जागा होती तशी परत करू. घराचे नूतनीकरण करताना निघालेले सागवान, जुने दरवाजे, वेताच्या खुर्च्या, चौरंग, लोखंडी ट्रंका, डायलचे टेलिफोन, जरीच्या जुन्या साड्या, पितळेची भांडी, काहीही फेकण्याआधी एकदा आम्हाला विचारा. किमती वस्तू आम्ही प्रयोगापुरती नेऊन यादीवर सही करून परत आणून देऊ.

रोख देणगीतून पहिल्यांदा आरसीसीबीसह मुख्य बोर्ड, जाड केबल आणि साखळ्या घेतल्या जातील. त्यानंतर विजेच्या आगीसाठीचे कार्बन डायऑक्साइडचे दोन अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, विंगेत बोलण्यासाठी हेडसेट आणि पथकातल्या माणसांचा अपघात विमा. हा क्रम आम्ही बदलणार नाही. नवे पडदे शेवटी. शंभर रुपयेही आनंदाने घेऊ. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, आणि जमा-खर्चाचा तक्ता वार्षिक सभेआधी तालमीच्या जागी लावला जाईल. एखाद्या घराने किंवा दुकानाने एका प्रयोगाचे टेंपोचे भाडे किंवा पथकाचे रात्रीचे जेवण उचलले तरी मोठा भार हलका होतो. पहाटे चारपर्यंत सामान भरणाऱ्या माणसांना गरम जेवण मिळावे, एवढी आमची तळमळ आहे.

इच्छुकांनी कोणत्याही रविवारी संध्याकाळी सहानंतर मंडळाच्या तालमीला यावे, किंवा कार्यकारिणीतल्या कुणालाही गाठून नाव सांगावे. आधी नुसते बसून पाहायचे असेल तरी या. कामाला येताना पायांत बंद बूट असावेत, आणि घरी जास्तीची टॉर्च असेल तर तीही घेऊन या.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी