फादर, आईची प्रार्थना तुम्ही परत मिळवून दिलीत

आदरणीय फादर,
सप्रेम वंदन.

तुमची बदली झाली तेव्हा निरोपसमारंभात आमच्या घरचं कोणीच बोललं नाही. जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं. आज लिहिते आहे, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आमच्या वसईत ज्या घरावर असा घाला पडतो, तिथे माणसं दार लावून घेतात आणि काय बोलावं ते न कळून शेजारीही लांबच राहतात. त्या घरांपर्यंत हे पत्र पोहोचावं, असं आईलाही वाटतं.

माझ्या थोरल्या भावाने आत्महत्या केली. तो बराच काळ नैराश्याने आजारी होता. त्या रात्री घर माणसांनी भरलं होतं, पण रडण्याच्याही आधी कुजबुज सुरू झाली ती एका प्रश्नाची: याची मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, होईल का? दफनभूमीत जागा मिळेल का? आई ते सगळं ऐकत होती. आपला मुलगा गेला एवढंच तिच्या वाट्याला आलं नव्हतं, तो देवालाही नको झाला असेल ही भीती तिच्या छातीवर बसली होती.

तुम्ही आलात आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणालात, "उद्या चारला मिस्सा. नेहमीसारखी." मग आईजवळ खाली बसलात. पहाटेपर्यंत बसलात. देवाने असं का केलं, यामागे त्याची काय योजना असेल, असलं एकही वाक्य तुमच्या तोंडून आलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रवचनात नैराश्य हा शब्द तुम्ही वेदीवरून उच्चारलात, तोही आधी आम्हाला विचारून. हृदयविकाराने गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसे तुम्ही दादाबद्दल बोललात. त्या एका प्रवचनाने आमची मान गावात किती सरळ झाली, हे तुम्हाला कदाचित माहीतही नसेल.

लोकांच्या मनातली ती भीती कुठून आली, हेही तुम्हीच मला नंतर समजावून सांगितलंत. १९१७ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्याच्या ग्रंथात, पूर्ण भानावर राहून जीव देणाऱ्याला, पश्चात्तापाची काही खूण नसेल तर, ख्रिस्ती दफन नाकारण्याची तरतूद होती. त्यातली "पूर्ण भानावर" ही अट गाव विसरलं, शिक्षा मात्र पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिली. १९८३ च्या नव्या संहितेत ती तरतूद उरली नाही. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट लिहिलं आहे की तीव्र मानसिक आजार, यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. पुढचा, २२८३ वा परिच्छेद तुम्ही आईला दोनदा वाचून दाखवलात: अशा माणसांच्या तारणाबद्दल आपण निराश होऊ नये, देव फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या वाटांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. इतकी वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गांना जाऊनही आमच्यापैकी कोणी हे ऐकलं नव्हतं. ते प्रत्येक धर्मग्रामात मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पण आईला परिच्छेदाने धीर आला नाही. खरं सांगायचं तर तिला धीर आला तो तुम्ही तिला गप्प राहू दिलंत म्हणून.

ती प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली की "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या ओळीशी अडायची. पुढे सरकायचीच नाही. घरात आम्ही तिला समजावत होतो, एका नातेवाइकांनी तर तिच्या श्रद्धेवरच बोट ठेवलं. तुम्ही म्हणालात, "त्याचा आजार आणि त्याचा असा शेवट देवाला हवा होता, असं मी मानत नाही. तुम्ही या ओळीला गप्प राहा. बाकीचे म्हणतील. प्रार्थना आपल्या सगळ्यांची आहे." त्यानंतर रविवारच्या मिस्सेत ती ओळ आली की मी आईच्या शेजारी उभी राहून जरा मोठ्याने म्हणायचे.

मग तुम्ही तिला दैवी करुणेची माळ शिकवलीत. नेहमीच्याच जपमाळेच्या मण्यांवर म्हणायची, "आमच्यावर आणि साऱ्या जगावर दया कर" एवढंच पुन:पुन्हा मागायची. त्यात तिला कशालाही "हो" म्हणावं लागत नव्हतं. नुसतं मागायचं होतं, आणि मागणं तिला जमत होतं. दुपारी तीनला, येशूच्या मरणाच्या घटकेला, ती अंगणातल्या बाकड्यावर बसायला लागली.

ही भक्ती जिच्यामुळे जगभर पसरली, त्या संत फॉस्तिनाबद्दल तुम्ही तिला सांगितलेलं तिला अजून पाठ आहे. पोलंडमधल्या गरीब शेतकऱ्याची मुलगी, शाळा जेमतेम तीन इयत्ता. मठात स्वयंपाक, बागकाम आणि दरवाजावरची राखण केली. क्षयाने आजारी पडून १९३८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी क्राकोला वारली. इस्पितळात पडलेली असतानाही मरणाऱ्यांसाठी ती प्रार्थना करायची. तिने रोजनिशीत लिहिलं आहे की बाहेरून सगळं संपलं असं दिसतं तेव्हाही, अगदी शेवटच्या क्षणी, देवाची करुणा माणसाला गाठते आणि ते बघणाऱ्याला कळतही नाही. आईने तुम्हाला विचारलं होतं, "म्हणजे माझ्या पोराजवळ त्या वेळी कोणी होतं?" तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. तुमचे डोळे भरून आले होते. मग म्हणालात, "होतं."

फ्रान्समधल्या आर्स गावच्या धर्मगुरूंची, संत जॉन व्हियानींची आठवणही तुम्ही सांगितलीत. नवरा असाच गेलेल्या एका विधवेला त्यांनी न विचारताच सांगितलं म्हणे, की त्याला शेवटच्या क्षणी पश्चात्तापाला वेळ मिळाला, तो वाचला आहे. आई ती गोष्ट आता दुसऱ्यांना सांगते.

ईस्टरनंतरच्या रविवारी, म्हणजे करुणेच्या रविवारी, दरवर्षी शुभवर्तमानातला थोमा या शिष्याचा प्रसंग वाचतात. पुनरुत्थित येशू थोमाला स्वतःच्या जखमा दाखवतो. तुम्ही त्या दिवशी फक्त एवढ्यावरच बोललात की देवाने त्या जखमा पुसून टाकल्या नाहीत. आई त्या रविवारी घरी येऊन जेवली. बऱ्याच दिवसांनी नीट जेवली.

आणखी एका गोष्टीसाठी मला स्वतःला तुमचे आभार मानायचे आहेत. मला झोप लागेना तेव्हा तुम्ही मला प्रार्थनेसोबत डॉक्टरकडेही पाठवलंत, स्वतः फोन करून वेळ ठरवलीत. चर्चच्या सूचनाफलकावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तुम्ही लावलात, तो तुमच्या मागे आलेल्या फादरांनीही काढलेला नाही. कोणी तरी तो टिपून घेताना मी पाहिलं आहे.

मागच्या पावसात पलीकडच्या वाडीत असंच एक तरुण मूल गेलं. आई कोणाला न सांगता त्यांच्याकडे गेली. काय बोललीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. फादर बसले होते तशी बसले."

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही दादाच्या कबरीवर फुलं वाहू. तुम्हाला जमलं तर या. नाही जमलं तर तुमच्या तिथल्या मिस्सेत त्याचं नाव घ्या, आणि त्या पलीकडच्या वाडीतल्या मुलाचंही, असं आईने सांगायला लावलं आहे.

तुमच्या जुन्या धर्मग्रामातली,
एक बहीण