कवन आधी लिहून कसं देणार? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये आम्ही चार-पाच मित्र मिळून कॉफीचं छोटं दुकान चालवतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी टेबलं भिंतीला लावतो, सतरंजी अंथरतो आणि शाहिरी बैठक भरते. माणसं पन्नास-साठ. माइक नाही, डफ, तुणतुणं आणि मागून सूर धरणारे दोन झीलकरी असले की त्याची गरज पडत नाही. तिकीटही नाही. शेवटी बिस्किटांचा रिकामा डबा फिरतो, पडेल ते शाहिराचं. पावसाळ्यात डफाचं चामडं सादळतं. मागच्या बैठकीला शाहिरांनी तो थेट आमच्या शेगडीवर शेकायला घेतला. वीस मिनिटं कोणाला कॉफी मिळाली नाही, पण कोणी कुरकुरलंही नाही.

त्या दिवशीचं कवन कांद्यावर होतं, लासलगावच्या त्याच आठवड्यातल्या भावावर. समोर दोन शेतकरी बसले होते. त्यांनी मध्येच एक आकडा चुकल्याचं सांगितलं, आणि पुढच्या कडव्यात तो दुरुस्त होऊनच आला. आमची बैठक ती हीच.

मग कोणीतरी सुचवलं, रीतसर परवानगी काढून ठेवा. काढायला गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. समोरच्या गृहस्थांनी सांगितलं, सगळी गाणी लिहून तीन प्रती द्या. मी म्हटलं, साहेब, गाणं अजून झालेलं नाही. ते म्हणाले, मग झालं की या.

त्यांचा दोष नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मध्ये सार्वजनिक करमणुकीवरच्या नियंत्रणात मेळे, म्हणजे पदं गाणारी पथकं, आणि तमाशे नाव घेऊन घातलेले आहेत. मेळे का, हे आपल्याला सांगायला नको. गणेशोत्सवातल्या मेळ्यांच्या पदांनी इंग्रज सरकारला घाम फोडला होता. इंग्रज गेले, पदांची धास्ती कागदावर राहिली. आधी संहिता वाचून प्रमाणपत्र देणारं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ तर आपल्याच खात्याचं आहे.

नाटकाची संहिता निदान महिनोन्‌महिने तीच असते. कवन आदल्या रात्री जुळतं आणि गाताना बदलतं. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जागवल्या त्या ताज्या घडामोडीवर बोट ठेवून. लोककवी वामनदादा कर्डक तर आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. आपलं खाते शाहिरी प्रशिक्षणाची शिबिरं घेतं, वृद्ध कलावंतांना मानधन देतं. चांगलंच आहे. पण शिबिरातून बाहेर पडलेल्या पोरानं गायचं कुठे? मोठं नाट्यगृह त्याला परवडत नाही. त्याला आमच्यासारखी सतरंजीच लागते.

मागणी एवढीच आहे. शंभरापर्यंत श्रोते, ध्वनिक्षेपक नाही, रात्री दहाच्या आत समाप्ती, अशा बैठकीला संहितेची अट नको. दिवस, वेळ, जागा कळवणारा एक अर्ज आणि त्याची पोच पुरे. लहान कार्यक्रम ओळखायचा कसा, असं कोणी विचारलं तर जीएसटीकडे बोट दाखवा. गाण्याच्या कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला त्यांनी माफी दिली आहे, आणि लोककलेच्या कलावंताच्या प्रयोगामागे दीड लाखापर्यंतच्या मानधनालाही. करवाल्यांना जमलं ते सांस्कृतिक खात्याला का जमू नये? पोलिसांचा कायदा गृहखात्याचा, हे मान्य. पण त्यांच्याशी बोलायला आपण आमच्यापेक्षा जवळ आहात.

येत्या शेवटच्या शनिवारी सहा वाजता बैठक आहे. जमलं तर या, सतरंजीवर जागा धरून ठेवू. कवन कशावर असेल, ते मात्र आज सांगता येणार नाही.

आपला,
एक कॉफीवाला, नाशिक