टिन उडाल्यानंतरचे चार दिवस

प्रिय लंब्या,

तुझा मेसेज पाहिला. "चांदूर बाजारकडचं घर पसंत पडलं, मागच्या वादळात मागच्या बाजूचे टिन उडाले होते, मालक म्हणते रजिस्ट्रीच्या आधी नवे टाकून देतो, घेऊ का?" अबे तू एका ओळीत विचारलं पण मला एका ओळीत सांगता येत नाही, कारण मागच्या उन्हाळ्यात मी ह्याच सौद्यात होतो, फक्त पलीकडच्या बाजूनं. विकणारा मी होतो. तुला तेव्हा घर विकलं एवढंच सांगतलं, बाकीचं लाजेपायी नाही सांगतलं. आता सांगतो, लांबलं तर जेवताना वाच.

आमचं आर्वीकडचं घर तू पाहिलेलं आहे. समोर ओसरी अन् दोन खोल्या इंग्रजी कवेलूच्या, मागं सैपाकघर आणि ती लांब खोली जिथं आपण आंबे पिकायला घालायचो, ती टिनाची. आधी तिथंही गावरान कवेलू होते, पण वांदरांचा दर वर्षी धिंगाणा, पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरायला माणूस मिळेना, मिळाला तरी आठ दिवसांत टोळी पुन्हा छपरावर, शेवटी बाबांनी वैतागून टिन टाकले. गावात निम्म्या घरांचं हेच झालं. भिंती मात्र जुन्याच, मातीच्या, दीड हात रुंद, त्यांच्या माथ्यावर सागाचे फाटे टेकलेले. ही भिंत लक्षात ठेव. सगळे टिनाचं बोलतात, माझा पैसा भिंतीनं खाल्ला.

बाबा गेल्यावर आईला वर्धेला आणलं, घर बंद पडून राहिलं. शेजारच्या गावच्या रिटायर गुरुजींशी 8 लाख 75 हजारात सौदा झाला. एप्रिलमधे 1 लाख इसार घेतला, इसारचिठ्ठीत ठरलं की 15 जूनच्या आत रजिस्ट्री. त्यात एक ओळ मी हट्टानं टाकायला लावली, "घर आहे त्या स्थितीत". लय हुशारी केली असं वाटत होतं तेव्हा.

नवतप्याचा दुसरा का तिसरा दिवस असेल. दिवसभर अंगाची लाही, संध्याकाळी आभाळ एकदम काळंभोर झालं अन् वावधान, म्हणजे वादळी वारा, सुटलं. मी पुलगावला, साळ्याचं लग्न. रात्री शेजारच्या काकांचा फोन, "बापू, तुह्या घराचे टिन गेले ना बाप्पा. सात-आठ तं माह्या गोठ्यापाशी येऊन पडले, म्हैस वाचली म्हून बरं. येतं का?"

मी म्हणलं येतो काका. अन् गेलो नाही. दुसऱ्या दिवशी लग्न, तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी थांबवलं, त्यातून काका म्हणाले होते की तलाठी पंचनाम्याले येणार हाय, तोवर कायी हलवू नको, मग काय, मला बहाणाच मिळाला. टिन हलवायचे नाहीत म्हणजे फोटो काढून वरून ताडपत्रीही टाकायची नाही असं कुठं कोणी म्हणलं होतं? आर्वीत ताडपत्री मिळत नव्हती का? एक फोन केला असता तर काकांच्या पोरानं टाकून दिली असती. तिसऱ्या रात्री तासभर पाणी पडलं, जोराचं, सरळ उघड्या खोलीत.

चौथ्या दिवशी पोचलो. सतरापैकी अकरा टिन गेलेले, बाबांनी वर ठेवलेले गोटे खोलीत पडलेले, एक तर आईच्या जुन्या पलंगाची पट्टी मोडून खाली. ते पाहून एवढं नाही वाटलं. मग मागच्या भिंतीकडं पाहिलं. माथा लोण्यासारखा झालेला, फाट्यांची टोकं त्यात रुतलेली, अन् मधोमध भिंतीचं पोट बाहेर आलेलं. मातीची भिंत खालून वरून झाकलेली असली तर शंभर वर्षं उभी राहते, पण माथ्यात पाणी शिरलं की एका रात्रीत बसते, हे मला आजोबांपासून माहीत होतं. माहीत असून.

मिस्त्री आला. त्यानं आधी टिन कसे गेले ते दाखवलं. म्हणे "वावधान टिन दाबत नाही भाऊ, उचलते." वारा छपरावरून सुसाट जाते तेव्हा टिनाला वरच्या बाजूनं ओढ बसते, अन् खाली दार-खिडकी उघडी असली की खोलीत भरलेला वारा खालून ढकलते. कडेचं नाहीतर कोपऱ्यातलं एक टिन उठलं की बाकीचे पत्त्यासारखे मागोमाग. आमच्या मागच्या दाराची कडी दोन वर्षांपासून तुटकी, वाऱ्यानं दार सताड उघडलं होतं. अन् जे-हुकांचे डांबरी वायसर कधीचेच गळून गेलेले, भोकं गंजून एवढी मोठी झालेली की हुक जागेवर अन् टिन गोठ्यात. गोट्यांचा काही उपयोग नसते रे, ते फक्त आपल्या मनाच्या समाधानाला.

मग मिस्त्री हळूच म्हणे, "दोन दिवसात नवे टिन मारतो, फुगलेल्या जागी सिमेंटचा पट्टा, वरून डिस्टेंपर. गुरुजीच्या बापालेबी समजत नाही."

अन् लंब्या, मी हो म्हणलं. पाच हजार अॅडव्हान्स पण दिला. हे बायकोला अजून माहीत नाही.

संध्याकाळी आर्वीच्या आपल्या वकिलाला सहज फोन केला, खरं तर एवढंच विचारायला की "आहे त्या स्थितीत" लिहिलं आहे तर मी सुटलो ना. तो हसायलाच लागला. म्हणे कोणती स्थिती, इसाराच्या दिवशीची ना? तेव्हा छप्पर होतं. मग त्यानं मला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा ऐकवला. कलम 54 प्रमाणे इसार किंवा साठेखत म्हणजे नुसता करार, त्यानं घेणाऱ्याचा घरावर हक्क तयार होत नाही, मालकी जाते ती रजिस्टर झालेल्या विक्रीपत्रानं. म्हणजे वावधान आलं त्या रात्री घर माझं, टिन माझे, नुकसान माझं. रजिस्ट्री होऊन गेल्यावर आलं असतं तर गुरुजींचं. अन् कलम 55 तर माझ्यासाठीच लिहिलं असावं. घरातला असा दोष जो तुला माहीत आहे पण घेणाऱ्याला साधारण पाहणीत दिसणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. आणि करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत शहाणा मालक जेवढी काळजी घेते तेवढी घराला मिळाली पाहिजे. करारात काही वेगळं ठरलं नसेल तर हे सगळं लागू. मग तो म्हणे, "वावधान तुझ्या हातात नव्हतं, पण त्याच्यानंतरचे चार दिवस तुझे होते. अन् तो पट्टा मारला ना, तर माझ्याकडं केस घेऊन येऊ नको."

रात्रभर झोप नाही. सकाळी गुरुजींना फोन केला अन् सांगून टाकलं, टिन, भिंत, चार दिवस, सगळं. फक्त मिस्त्रीचा पट्टा नाही सांगतला, एवढा काही मी हरिश्चंद्र नाही.

गुरुजी मोटरसायकलवर मागं बसून आले, छत्री घेऊन, भर उन्हात. वर छपराकडं पाहिलंच नाही. सरळ भिंतीपाशी गेले अन् खिशातली किल्ली भिंतीत खुपसली, अर्धी आत गेली. मग छत्रीच्या टोकानं एकेक फाटा ठोकत गेले. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, उधई, म्हणजे वाळवी. ती जुनी होती. मग सैपाकघराच्या कोपऱ्यात उभे राहिले अन् म्हणाले, "भाऊ, हा डाग वादळाचा नाही." कारण नव्या ओलीचा डाग नुसता काळसर असते, जुन्या गळतीच्या डागाला तपकिरी कडा असतात, एकात एक, दर पावसाळ्याची एक. तिथं चार-पाच कडा होत्या. त्या जागी आमची पिठाची कोठी असायची, तिच्यामागं झाकलेलं. मला माहीत होतं, आईला माहीत होतं, गुरुजींना एप्रिलमधे दिसलं नव्हतं. मी मान खाली घालून उभा. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते मास्तर माणूस, नुसतं पाहत राहिले, सातवीच्या वर्गात पाहत असतील तसं.

हिशेब असा बसला. टिन 41 हजार, लोखंडी अँगल अन् दोन फाटे 17 हजार, भिंत पाडून विटांची बांधायची 38 हजार. एकूण 96. गुरुजींनी दीड लाख कमी मागतले. मी म्हणलं भिंतीचं अर्धं अर्धं करू, निसर्गाचं आहे. ते म्हणाले, "वावधानात पडली असती तर अर्धी सोसली असती भाऊ. ही वावधानानंतर पडली." ह्याच्यावर काय बोलणार? मी दुरुस्ती करून देतो म्हणलं तर तेही नको म्हणाले, तुमचा मिस्त्री तुमचं ऐकणार, मला पैसे कमी करा, मी माझ्या माणसाकडून करून घेतो. तेव्हा अपमान वाटला, आता वाटते बरोबरच होतं. विकणारा माणूस दुरुस्ती करते ती सहीपुरती. शेवटी 1 लाख 10 हजारावर तुटलं, 500 च्या स्टॅम्पवर पुरवणी करारात लिहिलं, रजिस्ट्री 12 जूनला झाली.

मधे पंचनामाही झाला. तलाठी आला, फोटो काढले, लिहून नेलं. ऐकून घे, किमान 15 टक्के पडझड असली तर पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000, गोठ्याला 3,000, असं ते सरकारी मदतीचं कोष्टक होतं. मातीच्या भिंती म्हणून आमचं कच्चं, 4,000. त्यात छपराचा एक कोपरा होत नाही. अन् त्याच्यावरूनही गुरुजींशी वाजलं बरं का, ते म्हणे मदत घराला आहे, घर मी घेऊन राहिलो, मी म्हणलं पंचनाम्यात नाव माझं अन् नुकसान माझ्या मालकीत झालं. लाख रुपयांवर आवाज चढला नव्हता, चार हजारावर चढला.

आता तुझं. "नवे टिन टाकून देतो" म्हणते ना तुझा मालक, तर त्याला आजच फोन करून थांबव. खालचं सगळं झाकणारी चीज म्हणजे नवे चकचकीत टिन. उघडं असतानाच जाऊन पाह्य. जिथं टिन शाबूत आहेत त्या खोलीत दुपारी दार-खिडक्या लावून वर पाहायचं, हुकांच्या भोकांतून उजेडाचे ठिपके दिसतात. मग भिंतीचा माथा, फाट्यांची टोकं, अन् किल्ली जवळ ठेव. फर्निचर, कोठी, कॅलेंडर, जे काही भिंतीला लागून आहे ते बाजूला करायला लाव, लाजू नको. डिस्टेंपर ताजा दिसला तर विचार की काहून मारला. पंचनाम्याची नक्कल माग, वादळ झाल्यावर छप्पर किती दिवस उघडं होतं ते शेजाऱ्याला विचार, मालकाला नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाह्य, त्यात घराचं वर्णन असते, कवेलू का टिन का स्लॅब, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही, म्हणून आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, किंवा ड्रोन सर्व्हेनंतर मिळालेली स्वामित्वची सनद आहे का तेही विचार.

अन् इसारचिठ्ठीत एक ओळ टाकून घे की रजिस्ट्रीपर्यंत वादळ-पाण्यानं काही झालं तर खर्च कोणाचा, किती दिवसांत झाकायचं, अन् नाही झाकलं तर किती कमी करायचे. मालकाचा विमा असला तरी तो आपोआप तुझा होत नाही. 1 एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा म्हणून पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांकडे मिळते, त्यात वादळ धरलेलं आहे, पण मातीच्या भिंतीचं घर असलं तर ते आधीच स्पष्ट सांगून विचार, अन् पॉलिसी रजिस्ट्रीच्या तारखेपासून घे.

टिन तूच टाकशील तेव्हा हुकाऐवजी रबरी वायसरचे स्क्रू, तेही टिनाच्या उंचवट्यावर, नाल्यात नाही, नाल्यात मारला की तिथूनच गळते. कडेला अन् कोपऱ्यात स्क्रू जास्त. बाहेर पाख लांब काढू नको, वारा तिथंच धरून उचलते. आणि मागच्या दाराची कडी.

मला फोटो पाठव, पण बाहेरून काढलेले नको, आतून काढ, वर तोंड करून. एखाद्या शनिवारी मी येतो चांदूर बाजारला, गुरुजींनाही घेऊन येतो म्हणलं तर ते छत्रीसकट तयार होतील.

ते चार हजार परवा खात्यात आले. आई म्हणते गुरुजींना नेऊन दे, बायको म्हणते काही गरज नाही. वहिनीला विचारून सांग.

तुझा
ठेंग्या