फ्रेंच भूतकाळ इंग्रजीच्या आधाराने कशाला?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अकरावीला गुण चांगले पडतात म्हणून मराठीऐवजी फ्रेंच घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या मी बरीच वर्षे घेत आले आहे. ही मुले दरवर्षी एकाच जागी अडतात, ती म्हणजे ‘पासे काँपोझे’ हा दोन शब्दांनी बनणारा संयुक्त भूतकाळ. मुले मठ्ठ नसतात आणि हा काळही फारसा अवघड नाही. तो त्यांना इंग्रजीमार्फत शिकवला जातो, हे माझ्या मते या अडचणीचे मूळ आहे.

नियमित क्रियापदाचे रूप बनवणे तर अगदी सरळ आहे. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. त्याच्या शेवटची ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरे काढून तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेली ‘ई’ लावली, की कृदन्त, म्हणजे ‘बोललेले’सारखे क्रियापदापासून बनलेले रूप, तयार होते. याच रीतीने ‘फिनीर’चे (संपवणे) ‘फिनी’ आणि ‘आताँद्र’चे (वाट पाहणे) ‘आताँद्यू’ होते. या कृदन्ताच्या आधी ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे येतात: जे पार्ले, त्यू आ पार्ले, इल आ पार्ले, नूझाव्हों पार्ले, व्हूझाव्हे पार्ले, इलझों पार्ले. पुरुष आणि वचन यांप्रमाणे बदलते ते फक्त सहायक, कृदन्त तसेच राहते. मूळ क्रियापद आणि कृदन्त यांचा उच्चार एकच असल्यामुळे श्रुतलेखनात घोटाळे होतात; विलेपार्ल्याच्या मुलांना मात्र हे क्रियापद पहिल्याच दिवशी पाठ होते.

अडचण सुरू होते ती अर्थापाशी. या रूपाची बांधणी इंग्रजीतील ‘आय हॅव स्पोकन’सारखी दिसते, म्हणून शिक्षक तेच भाषांतर फळ्यावर लिहून देतात. परंतु इंग्रजीत त्या रूपाबरोबर ‘यस्टरडे’ चालत नाही, आणि फ्रेंचमध्ये ‘इयेर’ म्हणजे ‘काल’ हा शब्द या काळाबरोबर सर्रास येतो. त्यामुळे ‘काल मी तिच्याशी बोललो’ हे साधे वाक्य लिहिताना हुशार विद्यार्थीही थबकतो आणि एकाच शब्दाचे भूतकाळी रूप शोधू लागतो. तसे रूप फ्रेंचमध्ये आहे, पण आज ते कथा-कादंबऱ्या आणि इतिहासाच्या पुस्तकांपुरते उरले असून रोजच्या बोलण्यातून गेलेले आहे. आपल्या शालेय व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर पासे काँपोझेची बांधणी आपल्या पूर्ण वर्तमानकाळासारखी असली, तरी तो काम करतो ते बहुधा साध्या भूतकाळाचे. एवढे एक वाक्य सांगितले, तरी निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरा मुद्दा लिंगवचनाचा. ‘मी गाणी ऐकली’ हे फ्रेंचमध्ये सांगताना ‘एकूते’ (ऐकणे) या क्रियापदाचे कृदन्त बदलत नाही, पण ‘मी ऐकलेली गाणी’ या अर्थाच्या रचनेत कर्म आधी येते आणि मग कृदन्ताला स्त्रीलिंगाची ‘ई’ व अनेकवचनाचा ‘एस’ जोडावा लागतो. नियमित क्रियापदांत ही अक्षरे उच्चारली जात नाहीत, फक्त लिहायची असतात. इंग्रजीत कृदन्त कर्माप्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे मुलांना हा नियम निव्वळ छळ वाटतो. मराठी मूल मात्र पोवाडा ऐकला, कविता ऐकली, गाणे ऐकले असे बालवाडीपासून बोलत आलेले असते. कर्मणी प्रयोग त्याच्या जिभेवर आहे; फ्रेंच वर्गात त्याची आठवण कोणी करून देत नाही, इतकेच. या नियमाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमध्ये आहे. ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे’ अशा धाटणीच्या तिथल्या रचनेत कृदन्त अर्थातच पत्राप्रमाणे चालत असे.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत आवडते. काही थोडी क्रियापदे ‘आव्ह्वार’ऐवजी ‘एत्र’ म्हणजे ‘असणे’ हे सहायक घेतात आणि तिथे कृदन्त कर्त्याप्रमाणे बदलते. ‘एल एतारीव्हे’ म्हणजे शब्दशः ‘ती पोहोचली आहे’. इंग्रजीतून जाणाऱ्याला हे विचित्र वाटते, आपल्याला वाटू नये. ‘देसाँद्र’ या नियमित क्रियापदाची गंमत तर त्याहून मोठी आहे. ‘ती उतरली’ म्हणताना त्याला ‘एत्र’ लागते आणि ‘तिने बॅग उतरवली’ म्हणताना ‘आव्ह्वार’. जो फरक आपण उतरणे आणि उतरवणे अशा दोन क्रियापदांनी दाखवतो, तो फ्रेंच भाषा सहायक बदलून दाखवते. अर्थात ही तुलना सर्वत्र लागू पडत नाही. ‘ती झोपली’ याला फ्रेंचमध्ये ‘आव्ह्वार’च लागते, त्यामुळे ‘एत्र’ घेणाऱ्या क्रियापदांची यादी पाठ करण्यावाचून सुटका नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

फ्रेंचसाठी मराठी सोडलेल्या मुलाला तीच फ्रेंच समजावण्यासाठी नववी-दहावीच्या मराठी व्याकरणाचे पुस्तक पुन्हा उघडायला लावणे, हा प्रसंग माझ्या घरी दर पावसाळ्यात घडतो. महाराष्ट्रासाठी फ्रेंचची पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की या धड्यात इंग्रजी भाषांतराच्या रकान्याशेजारी एक मराठी रकाना द्यावा. पुढची आवृत्ती निघेपर्यंत शिक्षकांनी बॅग उतरवल्याचे वाक्य निदान फळ्यावर तरी लिहावे.

आपली विश्वासू,
एक फ्रेंच शिक्षिका, पुणे