डाग गेले की मग…

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकात ‘पांढरे डाग मुळापासून बरे, गॅरंटी’ अशी जाहिरात असते, ती बघून हे लिहायला बसलेय. मला अकराव्या वर्षी कोड निघालं, आधी डोळ्याच्या कोपऱ्यात तांदळाएवढा ठिपका, मग ओठ, मग दोन्ही हातांची बोटं. आज मी ४६ ची आहे. अशीच जाहिरात वाचून बाबांनी बावचीचं तेल मागवलं होतं, लावून गच्चीवर बसायचं, मे महिना आणि इंदूरचं ऊन, हातावर हे एवढे फोड आले, आई रात्रभर माझा हात मांडीवर घेऊन वारा घालत बसली. बावचीने कातडी उन्हाला फार नाजूक होते हे नंतर स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, जाहिरातीत कुठे लिहिलं होतं?

कोड म्हणजे कुष्ठरोग नाही (इथे हिंदीत ‘सफेद कोढ़’ म्हणतात आणि कोढ़ म्हणजे कुष्ठरोग, म्हणून गोंधळ अजूनच). शरीराची प्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशी मारते, हात लावल्याने कोणाला होत नाही, दुधावर मासे खाल्ल्यानेही नाही. उपचार आहेत, मलमं आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायची लाइट थेरपी आहे. मी दीड वर्ष घेतली, चेहऱ्यावर बराच रंग आला, बोटांवर नाही, तिथे येणं अवघडच असतं. पण गॅरंटी कोणी प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

आणि त्या गॅरंटीनेच माझी वर्षं खाल्ली. डाग गेले की फोटो काढू, डाग गेले की गाण्याच्या क्लासला जाऊ, असं करत तिशी उलटली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका बाकी सगळ्यांना स्वतः कुंकू लावायच्या आणि माझ्यापुढे नुसता करंडा धरायच्या, तुम्हीच लावून घ्या हं. मी पण मुकाट्याने लावून घ्यायचे, बाह्या मनगटापर्यंत ओढून.

दोन वर्षांपूर्वी सुदामानगरच्या घरी मीच हळदीकुंकू ठेवलं, अर्ध्या बाह्यांचं ब्लाऊज घातलं आणि ह्याच बोटांनी एकेकीला कुंकू लावलं. पहिल्या तीन-चार जणींपर्यंत हात थरथरत होता. एकीने कपाळ जरा मागे घेतलं, मी बोट तसंच धरून थांबले, मग तिनेच पुढे केलं. शेजारची आठवीतली मुलगी, तिच्या हनुवटीवर नवीनच डाग आलाय, ओढणी तोंडाशी धरून दारात उभी होती आणि माझ्या हातांकडेच बघत होती. तिला आत बोलावून तिळगुळाचा डबा दिला, म्हटलं वाट सगळ्यांना. वाटताना ओढणी कधी खांद्यावर गेली तिचं तिला कळलं नाही.

संपादक साहेब, १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात ज्या आजारांच्या औषधांची अशी जाहिरात करता येत नाही त्या यादीत कोडही आहे. प्लीज ही जाहिरात बंद करा. ती मुलगी दर रविवारी तुमचं सुडोकू सोडवते, आणि ते त्याच पानावर असतं.

आपली एक वाचक,
सुदामानगर, इंदूर