आई-बाबा, यंदा गणपतीला येत नाहीये, पण पूर्ण वाचा

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर आईचा आवाज बारीक झाला की मला पुढचं काही बोलताच येत नाही, म्हणून लिहितेय. काँट्रॅक्ट वाढवून घेतलंय, इथे सिएरा लिओनमध्येच अजून दोन भाताचे हंगाम. सही झालीये. दादाला आधी सांगितलं म्हणून रुसू नका, बाबांचं बीपी किती आहे ते त्याच्याकडून कळल्याशिवाय मला धीर होत नव्हता.

पैशासाठी नाही हो थांबत. बाबा, तुम्हाला पटेल बघा. ही लोको जमातीची माणसं उन्हाळ्यात रान तोडतात, पाऊस यायच्या आधी जाळतात आणि मे-जूनमध्ये त्या राखेतच भात पेरतात, मधेमधे मका आणि कसावा, म्हणजे आपला साबुदाण्याचा कंद. लावणी नाहीच. तुम्ही राब भाजायचात तसाच वास, मी पहिल्यांदा अक्षरशः रडले. मग तो तुकडा बरीच वर्षं परत रान व्हायला सोडायचा. पण आता माणसं वाढली, जमिनीला तेवढी विश्रांती मिळत नाही, पीक उतरतं, म्हणून खालच्या दलदलीत भात घ्यायचं आमचं काम चाललंय. एका हंगामात ते कुणाला पटणारे का? पहिलं पीक हाताशी आलं की लोक ऐकतात, त्याआधी नाही, हे तुम्हीच सांगायचात.

आणि बायका आत्ता कुठे मला निंदणीला हाक मारायला लागल्यात. भाषा अजून तुटकीच. त्यांची भाषा मेंदेच्या जवळची, पण मेंदे लोक राहतात लांब दक्षिणेला, आजूबाजूला सगळे टेम्ने आणि लिंबा जमातीचे, त्यामुळे इथली शेंबडी पोरं पण तीन-चार भाषा बोलतात आणि क्रिओ, म्हणजे देशभर चालणारी बोली, ती वेगळीच. माझं क्रिओवर भागतं.

आई, फोटोतला तो काळा मुखवटा बघून घाबरलीस ना? अगं तो बुंडोचा, बायकांच्या मंडळाचा. आत बाईच असते, बायकाच नाचतात. पुरुषांचं पोरो वेगळं, त्यांच्या रानात बायकांनी पाऊल टाकायचं नाही, मी टाकत पण नाही. बुंडोत मुलींना संसाराचं शिकवतात ते ठीक, पण वर सुंताही करतात, ते मला अजिबात पटत नाही आणि तसं बोलले की आज्या उठून जातात. असो, त्यावर कधीतरी समोर बसून बोलू.

जेवणाचं म्हणशील तर दोन्ही वेळ भात! कसावाचा पाला कुटून पाम तेलात, वर सुकी मासळी. खोबरं नाही एवढंच. मच्छरदाणी रोज लावते, पाणी गाळून उकळून पिते, ताप आला की लगेच मलेरियाची टेस्ट करते. बाबा, युद्ध 2002 ला संपलं, इबोला पण 2016 मध्येच आटोपला, रात्री यूट्यूबवर ते जुने व्हिडिओ बघणं बंद करा प्लीज.

भाताला दाणा भरायला लागला की इथली पोरं माळ्यावर बसून दिवसभर पाखरं हाकतात. मी डबा वाजवत बसायचे आणि बाबा तुम्ही दुपारी खिशातून शेंगदाणे काढून द्यायचात, निम्मे मी पाखरांनाच टाकायचे, तुम्ही बघूनही काही बोलायचा नाहीत. परवा तिथून जाताना इतकी आठवण आली ना तुमची.

बरं आता ऐका. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आत, फराळाचं निमित्त सांगायचं नाही, यंदा विकत आणा, कुणी नावं ठेवणार नाही. बाबा, सुपारीवर चढायचं नाही, गडी मिळत नसेल तर गळून पडू देत. गोळी सकाळीच, चहाच्या आधी. म्हातारे झालात असं नाही म्हणत मी, पण गुडघा तुमचा आहे आणि काळजी मला लागते. दादा शनिवारी गाडी घेऊन येतोय, रिपोर्टची फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे ती काढून ठेवा आणि गुपचूप गाडीत बसा, दोघंही.

तुमची,
छकुली